चहा निवेपर्यंत

तेवीस वर्षं मी तिची जीप चालवली
आणि तिची जीभ झालो.
डॉक्टर फरंगीस शायगान फारसीत विचारायची,
मी ते तुर्कमेनीत उतरवायचो,
आणि उत्तर परत नेताना
शिव्या तेवढ्या गाळायचो.

तेहरानात तिला काचेचं दालन मिळत होतं,
दारावर पितळी पाटी.
ती आली गोंबदला,
मीठ फुटलेल्या मातीच्या, कापसाच्या, वाऱ्याच्या मुलुखात,
जिथे माणसं घास गिळता गिळता थांबायची
आणि कुणी पाहिलंच तर म्हणायची,
'काही नाही, तो रोग. आमच्याकडे असतोच.'

'असतोच'.
या एका शब्दावर तिचा राग होता.
त्याच्यापायी तिने जन्म घातला असं मला वाटतं.
ती तसं कधी म्हणाली नाही.

आधी ती नुसती कापायची.
सडलेली अन्ननळी काढून
जठर वर ओढायचं, गळ्याशी शिवायचं.
एका हिवाळ्यात एकाच गावचे चौघे टेबलावर आले,
चौथा पहिल्याचा भाऊ.
तिने हातमोजे उतरवले, बाहेर येऊन मला विचारलं,
'या गावाला रस्ता आहे?'
नव्हता.
गेलो.

तिची पेटी बघून लोक हसले.
एक थर्मामीटर, दोन पेले, घड्याळ, जाड वही.
घरचीच किटली, घरचाच चहा, दोन्ही पेल्यांत ओतायचा.
एक त्यांचा, एक थर्मामीटरचा.
'रोज पिता तसा प्या.'
पहिला घोट गेला की
ती दुसऱ्या पेल्यातला आकडा टिपायची.
पासष्ट. अडुसष्ट.
अकमुराद मेंढपाळाच्या तंबूत चौऱ्याहत्तर,
आणि म्हाताऱ्याची पापणी लवली नाही.
आमच्यात तोंड पोळलं तरी कुणी फुंकून पीत नाही.
निवलेला चहा पाहुण्यापुढे ठेवणं
म्हणजे त्याला ऊठ म्हणणं.

अफूचंही विचारावं लागे.
त्या प्रश्नाआधी मी खोकायचो.

मग रक्त, केस, पायाची नखं.
नखं कागदी पाकिटात, पाकिटावर नंबर,
पाकिटं लोखंडी कपाटात, कपाटाची किल्ली तिच्या गळ्यात.
पाकिटातली माणसं एकेक करून गेली.
ती दरवर्षी फोन करून विचारायची, आहेत का,
आणि 'नाही' ऐकल्यावर
फोन लगेच ठेवायची नाही.

एकदा जेरेन आली, चार तास बस बदलत.
आई जाऊन सहा वर्षं झालेली, पुरात घर गेलेलं,
फोटोसुद्धा उरला नव्हता.
'तुमच्याकडे आईची नखं आहेत म्हणे.'
मी भाषांतर करायचं विसरलो.
डॉक्टरला कळलं होतं.

नियम तिनेच लिहिलेला होता:
कपाटातून काही बाहेर जाणार नाही.
तिने पाकीट उघडलं, चिमट्याने मोजलं.
सात तुकडे.
चार ठेवले, तीन एका रुमालात बांधून दिले,
आणि वहीत लिहिलं, 'नमुना अपुरा. जबाबदार: मी.'
सही केली. पूर्ण नावाने.
पुढे कुठल्याशा समितीने त्या सहीवरून
तिला दोन वर्षं छळलं.
त्याबद्दल ती फक्त म्हणाली, 'टायर बदलायला झालेत.'

तिचे निबंध दूरदेशी छापून आले.
मला त्यातलं एक चित्र कळतं:
चढत जाणारी रेघ, तळाशी अंश.
त्या रेघेतला एक ठिपका अकमुराद असणार.
कुठला, ते मी शोधत बसतो.

परवा ती निरोप घ्यायला घरी आली.
माझ्या बायकोने चहा आणला.
इतक्या वर्षांत तिने माझा चहा कधी मोजला नव्हता.
तिने पर्स उघडली, थर्मामीटर काढला,
दुसरा पेला मागून घेतला.
'रोज पितोस तसा पी, गुर्बान.'

वाफ आमच्या मधोमध उभी.
ती माझ्याकडे बघत नव्हती, पाऱ्याकडे बघत होती.
सगळा मुलूख मी तिला सांगितला होता, हेच राहिलं होतं.
मी पेला उचलला.

किती होता,
ते तिच्या वहीत आहे.